फटफटीशी मांडलेला संसार

आमच्या मामांचे तालुक्याच्या गावी दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसतो. माझ्या हाती पाना देण्यात अर्थ नाही हे मामांनी फार पूर्वीच ठरवून टाकले असल्यामुळे चहा सांगणे, पेट्रोलमध्ये सुटे भाग धुणे आणि गप्पा ऐकणे एवढीच कामे माझ्याकडे असतात. गॅरेजच्या मागच्या पडवीत एक जुनी राजदूत उभी आहे. तिचे इंजिन मी शाळेत होतो तेव्हापासून उघडलेलेच पाहतो आहे. गिऱ्हाइकांची कामे आटोपली, शटर खाली आले की मामा त्या राजदूतकडे वळतात आणि वर माडीवर मामींनी वाढलेले ताट निवत राहते.

बर्ट मन्रो हे नाव मला याच गॅरेजात कळले. त्याच्या आयुष्यावर रॉजर डोनाल्डसन या दिग्दर्शकाने २००५ साली काढलेला इंग्रजी चित्रपट एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने आणून दिला होता. अँथनी हॉपकिन्सने त्यात बर्टचे काम केले आहे. चित्रपट चालू असताना मामा एक अक्षर बोलले नाहीत. मामी मात्र अर्ध्यातून उठून गेल्या. मला त्या दोघांचेही वागणे खटकले आणि मग मी मिळेल ते वाचून या माणसाची माहिती जमवू लागलो. ती जमवताना लक्षात आले की चित्रपटात दाखवला आहे तो गोड म्हातारा खराच होता. पण त्याचे आयुष्य काही नुसते गोड नव्हते.

हर्बर्ट जेम्स मन्रो याचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल या गावी झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मताच दगावली. इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेला ईडनडेल म्हणून गाव आहे, तिथल्या शेतावर तो वाढला. त्या मुलखात सपाट कुरणे, गाई-मेंढरे आणि दक्षिण समुद्रावरून येणारा बोचरा वारा यांखेरीज फारसे काही नव्हते. वडिलांना मुलाने शेती सांभाळावी असे वाटत होते. मुलगा घरातला सर्वांत वेगवान घोडा घेऊन शेतातून उधळत असे आणि त्यावरून बोलणी खात असे. सर्व मित्रमंडळी त्याला बर्टच म्हणत. उत्तरायुष्यात त्याने या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर बदलले. आपल्या लिपीत तो फरक दिसतच नाही, तेव्हा ती भानगड मी सोडून देतो.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा बर्ट एकोणीस वर्षांचा होता. घोड्याची जागा आता मोटारसायकलीने घेतली. त्याने क्लायनो नावाची इंग्रजी गाडी घेतली. तिला शेजारी माणूस बसवण्यासाठी साइडकार जोडलेली होती. बर्टने ती साइडकार काढून टाकली आणि उरलेल्या गाडीवर इन्व्हरकार्गिलजवळच्या फोर्टरोज येथे वेगाचे उच्चांक केले. या पहिल्याच कृतीत सगळा बर्ट मला दिसतो. गाडी घ्यायची ती कारखानदाराने दिली तशी वापरण्यासाठी नाही, हे त्याचे तेव्हाच ठरलेले होते.

१९२० साली त्याने जी गाडी विकत घेतली तिने मग त्याचे उरलेले सारे आयुष्य व्यापले. गाडीचे नाव इंडियन स्काउट. या नावावरून आपल्यापैकी कोणाची छाती फुगणार असेल तर सांगितले पाहिजे, की त्या 'इंडियन'चा आपल्याशी काडीचाही संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे हा कारखाना होता आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून त्याने हे नाव घेतले होते. स्काउट हा नमुना चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने आखलेला. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी एकमेकांकडे कललेली दोन सिलिंडरे, सुमारे ६०० सी.सी.चे इंजिन आणि वेग ताशी ५५ मैल, म्हणजे जेमतेम ८९ किलोमीटर. बर्टच्या इंजिनावरचा क्रमांक ६२७ होता. म्हणजे ही त्या नमुन्याच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. बाजारात जावे, नातलगांकडे जावे, पावसात भिजत घरी यावे, अशी ती साधी रस्त्यावरची गाडी होती.

आजकाल परदेशातील हौशी मंडळी घरच्या घरी उलटा उद्योग करतात असे वाचले. मातीच्या लंबगोल धावपट्टीवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीसारखी गाडी ते स्वतः बांधतात आणि मग तिला दिवे, भोंगा, ब्रेक, नंबराची पाटी असे सारे जोडून कायद्याने रस्त्यावर चालवता येईल अशी करून घेतात. बर्टचा प्रवास याच्या नेमका विरुद्ध दिशेने झाला. रस्त्यावर चालणारी सरळमार्गी गाडी घेऊन तिच्यातून रस्त्याला लागणारे एकेक अंग तो काढत गेला. शेवटी शेवटी ती गाडी लाथ मारून सुरूसुद्धा होत नसे. दुसऱ्या मोटारीने मागून ढकलावी लागे. आपल्याकडे कोणी असे करू लागला तर आर.टी.ओ.ची मंडळी त्याला सोडणार नाहीत आणि त्यांचे तरी काय चुकले?

इंजिनात हात घालण्यास त्याने १९२६ साली सुरुवात केली. इथे थोडे यंत्राविषयी बोलणे भाग आहे. कलाशाखेच्या वाचकांनी कंटाळू नये, कारण बर्टचे चरित्र म्हणजे निम्मे त्या इंजिनाचेच चरित्र आहे.

वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट करून भागत नाही. गाडी जितकी वेगाने जाते तितकी हवा तिला अधिक जोराने मागे रेटते आणि हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या रेट्याविरुद्ध धावण्यास लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट वेगाला आठपट ताकद. बर्टने ५५ मैलांची गाडी पुढे १८४ मैलांपर्यंत नेली. गाडीचा आकार तोच राहिला असता तर त्यासाठी सुमारे सदतीसपट ताकद लागली असती. इतकी ताकद त्या जुन्या इंजिनातून निघणे शक्य नव्हते. तेव्हा दोन गोष्टी करणे आले: इंजिनातून निघेल तेवढी ताकद काढणे आणि गाडीचा आकार असा बदलणे की हवा तिला कमीत कमी अडवील.

मूळ इंजिनात झडपा सिलिंडरच्या कडेला होत्या. अशा रचनेत पेट्रोलची वाफ आत शिरताना आणि जळालेला धूर बाहेर पडताना वाट वाकडी होते आणि इंजिन धापा टाकते. बर्टने झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या. त्या उघडणारे कॅम त्याने हाताने, कानशीने घासून बनवले. कॅमचा उंचवटा केसभर इकडे-तिकडे झाला तरी झडप चुकीच्या क्षणी उघडते, हे मामांनी मला राजदूत बाजूला ठेवून दुसऱ्या एका चार-स्ट्रोक गाडीवर दाखवले तेव्हा कुठे कळले. मापासाठी बर्टकडे मायक्रोमीटर नव्हता. चाकाचा एक जुना स्पोक तो त्यासाठी वापरी. पिस्टन तो स्वतः ओतत असे. वितळलेला धातू जुन्या डब्यांत ओतायचा, थंड झाला की आकार द्यायचा. सिलिंडर, फ्लायव्हील, तेल फिरवण्याची व्यवस्था, सारे घरचेच. पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, ज्यांना गॅरेजात नुसते रॉड म्हणतात, ते त्याने एका ट्रॅक्टरच्या आसातून कोरून काढले. सतरा पट्ट्यांचा क्लचही त्याने स्वतः बांधला. इंजिन हळूहळू ६०० सी.सी.वरून ८५० वर आणि शेवटी ९५० वर गेले.

हे सगळे एका झटक्यात जमले असे समजू नये. घरी ओतलेले पिस्टन फुटत. फुटण्याचे कारण साधे आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोहोंमधली फट कमी ठेवली तर पिस्टन आत घट्ट धरून बसतो. जास्त ठेवली तर ताकद बाजूने निसटते आणि पिस्टन आपटून चिरतो. ओतीव धातूत हवेचा एखादा बुडबुडा राहिला असेल तर तो नेमका भर वेगात आपले अस्तित्व दाखवतो. कारखान्यात यासाठी प्रयोगशाळा असतात. बर्टची प्रयोगशाळा म्हणजे गाडीवर बसून समुद्रकिनाऱ्यावर निघणे. मोडले की परत येऊन उघडायचे, तुकडे हातात घेऊन कुठून चीर गेली ते बघायचे आणि पुन्हा भट्टी पेटवायची.

मोडलेले भाग तो टाकत नसे. शेडमधल्या एका फळीवर त्याने ते ओळीने मांडून ठेवले होते आणि हा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे अशा अर्थाची पाटी त्यावर रंगवली होती. पुढे चित्रपट काढणाऱ्या त्याच डोनाल्डसनने १९७१ मध्ये बर्टवर एक माहितीपट केला, त्याला नावही या पाटीवरूनच दिले. फळीवरच्या त्या फुटक्या पिस्टनांची रांग मी चित्रात पाहिली. आपण विद्यार्थी नापास झालेल्या पेपरची गुणपत्रिका कपाटाच्या तळाशी दडवतो. या गृहस्थाने आपली अपयशे भिंतीवर मांडली होती. ती मांडण्यात थोडी बढाईही होती असे मला वाटते, आणि तो दोष मी त्याला माफ करून टाकला आहे.

हा सारा उद्योग चालू असताना पोट भरावे लागत होतेच. मधल्या काळात तो ऑस्ट्रेलियातही शर्यती खेळून आला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत त्याला वडिलांच्या शेतावर परतावे लागले. नंतर त्याने मोटारसायकलींचा विक्रेता आणि दुरुस्ती कारागीर म्हणून नोकरी धरली. दिवसा लोकांच्या गाड्या आणि रात्री स्वतःची. स्काउटच्या जोडीला १९३६ सालची व्हेलोसेट ही इंग्रजी गाडीही त्याच्याकडे होती. तिच्यावरही त्याने असेच हात चालवले. पण चरित्रकारांना आणि मलाही त्या बिचारीकडे बघायला फुरसत होत नाही.

इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी किनारा ही त्याची धावपट्टी. ओहोटी लागली की तिथे मैलोन्मैल कठीण, सपाट वाळू उघडी पडते. शर्यतीची वेळ माणसाने नाही, समुद्राने ठरवायची. १९४० साली त्याने न्यूझीलंडचा रस्त्यावरील वेगाचा उच्चांक ताशी १२०.८ मैलांवर, म्हणजे १९४ किलोमीटरच्या वर नेला. तो बारा वर्षे कोणाला मोडता आला नाही. १९५७ साली किनाऱ्यावर त्याने १३१.३८ मैलांचा वेग गाठला. गाडीचे वय तेव्हा सदतीस वर्षे होते आणि तिला जन्म देणारा स्प्रिंगफील्डचा कारखाना १९५३ मध्येच उत्पादन थांबवून बसला होता. 'इंडियन' हे नाव पुढे इतरांनी विकत घेऊन पुन्हा बाजारात आणले ती गोष्ट निराळी. पण बर्टला कारखान्याकडून सुटा भाग मागवण्याची सोय आता राहिली नव्हती. मला तर वाटते, असती तरी त्याने मागवला नसता.

आता मी त्या विषयाकडे येतो, जो चित्रपटात जवळजवळ नाही आणि ज्यामुळे मामी अर्ध्यातून उठल्या असाव्यात.

बर्टचे लग्न झालेले होते. पत्नीचे नाव बेरिल. तीन मुली आणि एक मुलगा अशी चार मुले. हा संसार टिकला नाही. चाळिशीच्या दशकात तो मोडला आणि पती-पत्नी विभक्त झाले. त्याच दशकाच्या अखेरीस बर्टने नोकरीही सोडली आणि इन्व्हरकार्गिलमध्ये एका लहानशा गॅरेजवजा खोलीत तो आपल्या दोन गाड्यांसह राहू लागला. तिथेच भट्टी, तिथेच कानस आणि तिथेच खाट.

वेडाने झपाटलेल्या माणसांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यांत पत्नी एक तर सोशीक असते किंवा कजाग असते. तिसरा प्रकार लेखकांना सुचतच नाही. बेरिलविषयी मला फार थोडे वाचायला मिळाले आणि जे मिळाले त्यावरून ती या दोहोंपैकी कोणती हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र कळते, की रोज रात्री नवरा ज्या शेडमध्ये जातो तिथला दिवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत राहतो आणि चार मुलांच्या घरात तो दिवा काही फार प्रेमाने पाहिला जात नसणार. घरात पैसा किती आणि ट्रॅक्टरच्या आसावर किती, हा हिशोब कोणीतरी मांडलाच असेल. बर्टने जे केले ते मोठे होते असे मी मानतो. त्याची किंमत एकट्या बर्टने दिली नाही, हेही मला मानावेच लागते. या दोन गोष्टी मी वर्षभर शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या; एक दुसरीला खोडत नाही आणि एक दुसरीत मिसळतही नाही.

मी हे एकदा मामांजवळ बोललो. ते बराच वेळ कानस पुसत राहिले आणि त्या दिवशी राजदूतला हात न लावता वर जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडवीतच होते.

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल म्हणून मिठाचे एक अफाट मैदान आहे. आपल्या वसई-उरणकडची मिठागरे डोळ्यांपुढे आणू नयेत. ती माणसांनी बांध घालून केलेली. बॉनव्हिल हा प्राचीन काळी आटून गेलेल्या एका प्रचंड सरोवराचा तळ आहे. हिवाळ्यात त्यावर पाणी साचते, उन्हाळ्यात ते वाळते आणि पांढरा, कडक, दगडासारखा सपाट थर तयार होतो. जगातले वेगवेडे दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास तिथे जमतात. धावणाऱ्याला दिशा कळावी म्हणून मिठावर काळी रेघ ओढलेली असते. या मैदानावर बर्ट एकंदर दहा वेळा गेला. पहिल्या खेपेस नुसता बघायला. उरलेल्या नऊ वेळा गाडी घेऊन. चित्रपटात या सगळ्या खेपा मिळून एकच केली आहे. कथेच्या सोयीसाठी ते ठीक असेल. पण त्यामुळे बर्टची खरी चिकाटी झाकली जाते असे माझे मत आहे. एकदा जाऊन जिंकून येणे वेगळे आणि साठी उलटल्यावर पॅसिफिक महासागर पुन्हा पुन्हा ओलांडून, निम्म्या वेळा मोडके इंजिन घेऊन परत येणे वेगळे.

तिथे आणखीही एक अडचण होती. इन्व्हरकार्गिल समुद्रसपाटीला, बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच. उंचावर हवा विरळ. विरळ हवेत पेट्रोलचे प्रमाण तेच ठेवले तर इंजिन गुदमरते. म्हणजे घरच्या किनाऱ्यावर जुळवलेले सारे इथे आल्यावर नव्याने जुळवायचे. विरळ हवेचा फायदा एवढाच, की ती गाडीला अडवतेही थोडी कमी.

हवेला चकवण्यासाठी बर्टने गाडीभोवती माशासारखे निमुळते कवच बसवले होते. पहिले ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून केलेले, नंतरचे फायबरग्लासचे. त्या कवचात तो पालथा झोपल्यासारखा शिरे. पण कवचाने वेग दिला तशी एक व्याधीही दिली. वाऱ्याचा दाब गाडीच्या पुढच्या अंगावर जास्त पडला आणि वजन मागे राहिले की गाडी भर वेगात माशाच्या शेपटीसारखी वळवळू लागते. १९६७ साली एका धावेत असेच झाले. निम्मी धाव झाल्यावर गाडी हेलकावू लागली. वेग कमी करण्यासाठी बर्ट कवचातून उठून ताठ बसला, म्हणजे हवेला अडवायला स्वतःची छाती पुढे केली. वाऱ्याने त्याचा चष्मा उडवून नेला आणि डोळ्यांना काही दिसेना. काळ्या रेघेपासून गाडी इतकी भरकटली, की खुणेसाठी रोवलेला एक लोखंडी खांब काही इंचांनी चुकला. शेवटी त्याने गाडी आडवी पाडली. अठ्ठ्याऐंशी किलोमीटरच्या गाडीवरून मामांचा एक गिऱ्हाईक पडला तेव्हा महिनाभर पलंगावर होता. बर्ट थोडे खरचटून उठला. त्याचे वय तेव्हा अडुसष्ट होते आणि हृदयाचे दुखणे सोबतीला होतेच.

त्याच्या उच्चांकांचे आकडे असे. १९६२ साली ८५० सी.सी. इंजिनावर ताशी १७८.९७१ मैल, म्हणजे २८८ किलोमीटर. १९६६ साली दुसऱ्या एका गटात १६८.०६६ मैल. आणि १९६७ साली ९५० सी.सी. इंजिनावर १८३.५८६ मैल, म्हणजे २९५ किलोमीटरच्या वर. त्याच वर्षी पात्रता ठरवण्याच्या एका दिशेच्या धावेत त्याने १९०.०७ मैलांचाही वेग गाठला. पण उच्चांक म्हणून धरला जातो तो येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही धावांचाच, नाहीतर पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचे श्रेय माणसाच्या नावावर जमा व्हायचे. सत्तेचाळीस वर्षांची जुनी गाडी, तिच्यावर अडुसष्ट वर्षांचा माणूस. हजार सी.सी.खालील अशा कवचबंद गाड्यांच्या गटात त्याचा तो उच्चांक त्यानंतर कित्येक दशके टिकून राहिला.

इथे एक प्रश्न मला छळतो आणि तर्कशास्त्राच्या सरांनी तो वर्गात घ्यावा अशी विनंती आहे. १९२० साली घेतलेल्या गाडीतले पिस्टन बदलले, सिलिंडर बदलले, रॉड, कॅम, क्लच, अंग झाकणारे कवच, सारे बदलले. आणि तरी ती १९२० सालची गाडी म्हणवते. वाड्याचे वासे, कौले, दारे पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात तरी आपण त्याला पणजोबांचा वाडाच म्हणतो, त्यातलेच हे. बर्टला नवी, अधिक वेगवान गाडी घेऊन तिच्यात सुधारणा करता आल्या असत्या आणि त्याचे बरेच कष्ट वाचले असते. पण त्याने ६२७ क्रमांकाचे ते एकच इंजिन धरले आणि त्याला कधी सोडले नाही. ज्याला घरातला संसार टिकवता आला नाही त्याने हा दुसरा संसार सत्तावन्न वर्षे केला.

सत्तराव्या वर्षांनंतर शरीर थकत गेले. १९७७ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला. इस्पितळातून आल्यावर हातपाय पूर्वीसारखे ऐकेनात; गाडी चालवणे आता होणार नाही हे त्याला कळून चुकले. दोन्ही गाड्या आपल्या साउथलँड भागातच राहाव्यात अशी त्याची इच्छा होती, म्हणून त्याने त्या इन्व्हरकार्गिलमधल्याच हेज नावाच्या व्यापाऱ्याला विकल्या. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बर्ट मन्रो हृदयविकाराने वारला. गावच्याच दफनभूमीत आई-वडिलांजवळ त्याला पुरले.

हेज यांचे दुकान म्हणजे काही संग्रहालय नव्हे. खिळे, स्क्रू, हातोड्या, बागकामाची अवजारे विकणारे ते हार्डवेअरचे दुकान आहे आणि त्याच दुकानात ती गाडी लोकांना बघण्यासाठी ठेवली गेली. आपल्याकडे असती तर तिच्याभोवती कठडा बांधून, वर छत्री उभारून, वर्षातून एकदा हार घातला असता. डबाभर खिळे घ्यायला आलेल्या माणसाने सहज मान वळवून तिच्याकडे बघावे, ही जागा बर्टला अधिक आवडली असती असे मला वाटते. २००६ साली अमेरिकन मोटारसायकल संघटनेने आपल्या सन्मान्य व्यक्तींच्या यादीत त्याचे नाव घातले. त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिलमध्ये त्याच्या नावाने शर्यतींचा मेळावाही सुरू झाला आणि त्यात ओरेटीच्या वाळूवरची शर्यत असते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. वडील शेडमध्ये असताना घरात वाढलेल्या त्या चार मुलांपैकी मुलगा आता म्हातारा झाला होता. १९६७ च्या उच्चांकाचे जुने कागद बघताना त्याला आकड्यांत चूक दिसली. उत्तरेकडच्या धावेचा वेग १८४.७१० मैल होता, दक्षिणेकडच्या धावेचा १८३.४६३. या दोहोंची सरासरी कोणीही पेन्सिल घेऊन काढून पाहावी, ती १८३.५८६ येत नाही. त्याने संघटनेला तसे कळवले. संघटनेने हिशोब तपासला आणि २०१४ साली आपल्या दप्तरातला आकडा दुरुस्त करून ताशी १८४.०८७ मैल असा लिहिला. बर्टला जाऊन तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती.